दगडाखालची शिंगटी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मासे धरणं. काम तरी कसलं, रात्रीच्या भाकरीला काहीतरी लावायला हवं होतं. भात झोडून झाला होता. पऱ्याचं पाणी घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली उतरलं होतं. पऱ्या म्हणजे आमच्या वाडीच्या मागून जाणारा ओढा, बाहेरच्यांसाठी सांगतो. दुपारी ही उठली, दोरीवरचं जुनं सुती लुगडं खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "चला वो, दगड उलटवूया."

ही म्हणजे माझी बायको. नाव मी ती असताना कधी घेतलं नाही, आता कागदावरही घेणार नाही.

आमच्या पऱ्यात दगडाखाली एक बारकी शिंगटी असते. बोटाच्या दोन पेरांएवढी. त्याहून मोठी मी जन्मात पाहिली नाही. रंग दगडासारखाच, काळा-तांबूस, त्यावर मळकट पट्टे. तोंडाला मिशा, पोट चपटं, अंगाला खवलं नाहीत. पाठीवर एक काटा आणि कानांपाशी दोन्ही बाजूंना एकेक. हात लागला की तिन्ही काटे ताठ करते, मग ते मिटत नाहीत. दिवसभर दगडाच्या पोटाला चिकटून बसायचं आणि अंधार पडला की बाहेर यायचं, एवढाच तिचा धंदा. तिला गळ चालत नाही, जाळं चालत नाही. दोन माणसं लागतात. एकाने दगड हळूच उचलायचा, दुसऱ्याने खालच्या अंगाला लुगडं ताणून धरायचं. दगडापासून सुटली की धारेबरोबर वाहत लुगड्यात येते. दगडवाल्याने घाई केली की पाणी गढूळ होतं, लुगडंवाल्याने आळस केला की खालून निसटते. आमचा संसार सुरू झाला तेव्हापासून दगड माझ्याकडे आणि लुगडं तिच्याकडे.

तिचं माहेर नाटे, समुद्राकाठचं गाव. बापाची नारळाची बाग होती, पण पोर सगळा दिवस होड्यांपाशी. समुद्रातली शिंगटी म्हणजे शिंगाळा, तसले हाताएवढे शिंगाळे बघत वाढलेली. लग्न होऊन आमच्याकडे आली आणि पहिल्यांदा ताटात ही शिंगटी बघितली तेव्हा म्हणाली होती, "ही मासळी हाय की मुंगळे?" नवी सून असं बोलली म्हणून माझी आवस, म्हणजे आई, रागवायच्या ऐवजी हसत सुटली. पुढे तीच मासळी तिला सगळ्यात आवडायला लागली, पण मान काही द्यायची नाही. दर वेळी लुगडं धरता धरता विचारायची, "यांची आवस कुठं असते वो?" आम्ही सगळी वाडी असंच समजून होतो, की ही पिल्लं आहेत आणि मोठी शिंगटी कोंडीत तळाशी बसलेली आहे. कोंड म्हणजे पऱ्या कातळावरून खाली पडतो तिथला डोह. कोणी तळ बघितला नव्हता, म्हणून कोणी खोटं पाडू शकत नव्हतं.

त्या दिवशी कोंडीच्या तोंडाशीच होतो. बऱ्यापैकी मिळाली. लुगडं गोळा करून ती एकेक डब्यात टाकत होती. एक शिंगटी धाग्यात काटा रुतवून बसली होती, ती सोडवायला गेली आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी टोचून घेतलं.

"मेली नखाएवढी, आणि तोरा बघा!" असं म्हणून तिने अंगठा तोंडात घातला, चोखला, थुंकली.

"दुखतंय?"

"हिच्याने? अवो, आमच्या नाट्याला शिंगाळा टोचला तरी माणूस हात कढत पाण्यात बुडवतो नि होडी ओढायला लागतो. ही काय टोचणार? मुंगी चावली म्हणून रडायचं काय?"

घरी येऊन तिने सगळ्यांचे काटे मोडले, राखेत घोळवून बुळबुळीतपणा काढला, नारळ खवला, सोलं आणि तिरफळं घालून हळदीच्या पानात तव्यावर ठेवलं. मी तिच्यापेक्षा जास्त खाल्ली. जेवताना तिने शेजारच्या म्हातारीची नक्कल केली, मला ठसका लागला. बस, एवढंच.

मग तिने हात पदराखाली घेतला. तिला साखर होती, गोळी होती, आठवेल तेव्हा घ्यायची. मला म्हणाली, सांधे धरलेत. ताप आला तर म्हणाली, थंडीचा आहे. विहिरीवर कळशी उचलताना पदर घसरला तेव्हा माझ्या धाकट्या भावाच्या बायकोने हात बघितला आणि जी ओरडली ती मला गोठ्यात ऐकू आली. कोपरापर्यंत जांभूळ झालं होतं. भावाने रिक्षा आणली. तालुक्याला गेलो, तिथून रत्नागिरीला पाठवलं. डॉक्टरांनी आधी हात राखण्याची शिकस्त केली, मग जीव राखण्याची. दोन्ही राहिलं नाही.

मला वाटलं होतं माणूस गेल्यावर घरात शांतता असते. कसली शांतता. माणसं भेटायला येतात आणि प्रत्येकाला विचारायचंच असतं, कशाने गेली. साप म्हटलं असतं तर माना हलवल्या असत्या. कॅन्सर म्हटलं असतं तर च्‌च्‌ केलं असतं. मी म्हणायचो, शिंगटी टोचली. मग विचारायचे, केवढी होती? मी बोटाची दोन पेरं दाखवायचो.

"एवढीच?"

तिच्या बहिणीचा नवरा, माझा साडू, मुंबईहून आला होता. त्याने तर हनुवटीला हात लावून तोंड लपवलं. मी बघितलं. माझा मुलगा फोनवर कोणाला तरी सांगत होता, "आईला मासा चावला." मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि पलीकडच्या माणसाला सांगितलं, चावत नाही ती, टोचते. मुलगा म्हणाला, "बाबा, काय फरक पडतो?" फरक पडतो. ज्याने मारलं त्याचं हत्यार कोणतं, हे तरी नीट सांगा.

दिवसकार्याला शाळेतले मास्तर आले होते, भला माणूस. मी त्यांना म्हटलं, मास्तर, माझ्या बायकोला एका पिल्लाने मारलं बघा. ते म्हणाले, "अण्णा, ती पिल्लं नाहीत. त्या माशांचं घराणंच तसं आहे. डोंगरातल्या ओढ्यांत राहणारी, सगळी अशीच पेराएवढी. पुरी वाढलेली शिंगटी तेवढीच असते. मोठी आई वगैरे कोंडीत कोणी नाही."

मी हातातला द्रोण खाली ठेवला. इतकी वर्षं मी त्यांना पोरं समजत होतो. म्हणजे पोराने चुकून टोचलं असंही नव्हतं. पुऱ्या वाढलेल्या, कळत्या जनावराने टोचलं होतं. मास्तरांना वाटलं असेल, माहिती दिली. त्यांनी मला वैरी दाखवून दिला.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. कोंडीतली एक शिंगटी ठेवायची नाही. लोक म्हणतील म्हातारा भ्रमिष्ट झाला, म्हणोत. माणसाला माणसाने मारलं तर कोर्ट असतं. मला कोणतं कोर्ट होतं?

पहिल्यांदा मी आंब्यावर मारायचं औषध काढलं. माळ्यावर डबा होता, मोहोराच्या फवारणीतलं उरलेलं. डबा घेऊन पाणंदीने निघालो तर भावाची बायको गोवऱ्या थापत बसली होती. ती माझ्याहून बरीच लहान, मला दादा म्हणते, पण जीभ तिची कोणाच्याच नात्यातली नाही.

"दादा, मोहोर अजून फुटला नाय. औषध कोणाला पाजताय?"

"कोंडीत ओततोय."

ती शेणाच्या हातानेच उठली आणि डबा धरला. "खाली म्हशी पितात. त्याच्याखाली आमच्या पोरी धुणं धुतात. शिंगटी मरेल की नाय ठाऊक नाय, वाडी मरेल. डबा सोडा."

"सोड तू."

"माझ्या हाताला शेण हाय, दादा, मी सोडणार नाय. तुमचा सदरा जाईल."

डबा तिने नेला आणि कुठे पुरला ते मला आजतागायत सांगितलेलं नाही. पण तिचं म्हणणं बरोबर होतं. म्हशींशी माझं वैर नव्हतं. मला फक्त शिंगटी हवी होती.

मग बांधाचे दिवस आले. आमच्याकडे दर वर्षी मार्गशीर्षात पऱ्याचं पाणी बारीक झालं की सगळी वाडी मिळून बांध घालते. दगड, माती, पाला, पेंढा. कोंडीच्या खालच्या अंगाला घालायचा, म्हणजे कोंड तुडुंब भरते आणि तिथून पाटाने पाणी परसांत जातं. त्याच्यावर वाल, मुळा, माठ होतो. पहिला दगड आणि गाऱ्हाणं आमच्या घराकडे, घरातल्या मोठ्या पुरुषाने घालायचं. बापूस गेल्यापासून मी घालतो. यंदा कोणी तरी कुजबुजलं, दादांच्या घरात वर्ष सरलेलं नाही, धाकट्याने घालावं. भाऊच म्हणाला, "मान दादाचा आहे. दादाच घालेल." त्याला नंतर पश्चात्ताप झाला असणार.

मी घरून निघतानाच ठरवलं होतं. कोंडीच्या खाली बांध घातला तर कोंड भरणार, शिंगट्या मजेत. कोंडीच्या वर घातला तर पाणी वरच अडणार आणि कोंड आटणार. सांगून कोणी ऐकलं नसतं. पण गाऱ्हाण्यात माणूस ऐकत नाही, व्हय म्हणतो.

सगळे पाण्यात उभे राहिले. मी दगडावर नारळ ठेवला, टोपी काढली, हात जोडले.

"हे देवा महाराजा! आज तुझी ही सगळी लेकरं एक होऊन पऱ्यावर उभी राहिली हायत. वर्षाप्रमाणे पाणी अडवतायत. त्यांच्या हातून काम नीट करून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"कोणाच्या पायावर दगड पाडू नको, कोणाच्या मनात किल्मिष आणू नको रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"यंदाचा हा बांध कोंडीच्या वरच्या अंगाला, उंबराच्या मुळाशी घालतोत, तो तडीस ने रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"कोंडीत जे कोण दगडाखाली दडून बसलंय, ज्याने माझं घर रिकामं केलं, त्याच्या अंगावरचं पाणी काढून घे, त्याचा निर्वंश कर रे महाराजा!"

"व्ह..."

अर्ध्यांनी म्हटलं, अर्ध्यांचं तोंडात राहिलं. मी नारळ फोडून मोकळा झालो.

"दादा," भाऊ म्हणाला, "गाऱ्हाण्यात काय घातलंस हे?"

"घातलं. तुम्ही व्हय म्हणालात."

"अरे, आम्ही सवयीने म्हणतो!" पलीकडच्या घरातला एक जण, मुंबईत गिरणीत काम करून परत आलेला, माझ्याच वयाचा, तो पुढे आला. "उद्या तू म्हणशील ह्याची म्हैस माझ्या गोठ्यात बांध रे महाराजा, तरी आम्ही व्हय म्हणू."

"मग बांधीन."

दोघे-तिघे हसले. भावाची बायको हसली नाही. तिचं परस सगळ्यात मोठं, तिचाच पाट सगळ्यात लांब जातो. "वरच्या बांधाचं पाणी पाटाला लागत नाय, दादा. आम्ही बायकांनी कळशीने वाहायचं? शिंगटीवरचा राग माझ्या वालावर कशाला काढताय?"

"देवाला सांग."

"देवाला तुम्ही मध्ये घेतलात. तो बिचारा गप होता."

बरीच बोलाचाली झाली. कोणी म्हणालं, पुन्हा नारळ ठेवू. कोणी म्हणालं, एकदा देवापुढे व्हय म्हटलेलं पुसता येत नाही, मागे अमक्याने पुसलं त्याच्या घरावर माड पडला. शेवटी गिरणीवालाच म्हणाला, "घाला रे वर. तिच्या हातचं मी पण खाल्लंय." आणि त्याने पहिला दगड उचलला. पहिला दगड माझ्या मानाचा, तो मी त्याला उचलू दिला.

उंबराच्या मुळाशी बांध झाला. खाली धार तुटली. मी रोज जेवून कोंडीवर जाऊन बसायचो, सिनेमाला बसल्यासारखा. पाणी उतरत होतं ते कातळावरच्या ओल्या रेघेवरून कळायचं. साधे मासे वर घुटमळायला लागले, त्यांना खंड्याने आणि बगळ्यांनी उचललं. खेकडे काठाला आले, ते पोरांनी नेले. शिंगटी काही दिसेना. ती दगडाखालीच. मला आनंद होत होता. साधा नाही, पोट भरल्यावर होतो तसला. मी त्यांच्याशी बोलायचो देखील. म्हणायचो, बसा, बसा, दिवस तुमचे पण भरतील.

भावाची बायको डोक्यावर कळशी घेऊन वरून यायची, माझ्यासमोरूनच जायची. वाट दुसरी होती, पण मुद्दाम.

"काय दादा, मेली काय वैरीण?"

"मरतेय."

"माझा मुळा आधी मेला."

एकदा ती कळशी कंबरेवर घेऊन थांबली. दम लागला होता. म्हणाली, "तुमची बायको गेली म्हणून तुम्ही पऱ्या आटवलात. माझी जाऊ गेली. घरात सासू नाय, नणंद नाय, बोलायला तीच व्हती. मी कोणाचा पऱ्या आटवू?"

मी तोंड फिरवलं. माझ्या रागात वाटेकरी नको होता मला.

शेवटी कोंडीचा तळ दिसला. आमच्या वाडीत पहिल्यांदाच कोणी बघितला. मास्तर खरं बोलले होते. मोठी शिंगटी नव्हती, काही नव्हतं. गोटे, वाळू, एक गंजलेलं घमेलं आणि कुजका पाला. दुपारी चपला काठावर काढल्या आणि उतरलो.

पहिला दगड उलटवला. पोटाला एक चिकटलेली होती. बोटांच्या चिमटीत शेपटीकडून धरली, ओढून कातळावर टाकली. कर्र कर्र असा बारीक आवाज करते ती, जाम झालेल्या बिजागरीसारखा. दगडाने ठेचली. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? दुसरी ठेचली, तिसरी ठेचली. प्रत्येकीला म्हटलं, तू होतीस काय ती? तू होतीस काय? पण पुढच्या दगडाला पंचाईत झाली. धार नाही, त्यामुळे वाहत कुठे जात नव्हत्या. दगड हलला की सुटून गोट्यांच्या फटीत शिरायच्या. खाली हात घातला तर खाली पाणी! वर कोरडं दिसत होतं, वाळूखालून मात्र झिरपत होतं. सगळ्या तिथे जाऊन बसल्या होत्या. वाडीने बांध हलवला, वाल वाळले, मुळा गेला, आणि या बाया खाली गारव्याला. मला इतकी चीड आली की मी गुडघे टेकून दोन्ही हातांनी वाळू उपसायला लागलो, कुत्रा उपसतो तशी. मनगटापर्यंत हात खाली गेला. तेव्हा टोचली. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मऊ मांसात, खोल.

मी ओरडलो. मी कोयत्याने पायाचं बोट तोडून घेतलेला माणूस आहे, तेव्हा ओरडलो नव्हतो. ही कळ कोपरातून काखेपर्यंत गेली, तिथे थांबली आणि धडधडायला लागली. डोळ्यापुढे अंधारी आली, घाम सुटला. मूठ मिटेना. मी चिखलात बसलो, हात मांडीवर धरून, आणि कळ कमी व्हायची वाट बघत राहिलो. ती कमी होईना, वाढतच गेली.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हिने त्या संध्याकाळी काय केलं होतं.

याच हाताने, याच अंगठ्याने तिने डबाभर शिंगट्यांचे काटे मोडले होते. नारळ खवला होता. खवणीवर नारळ फिरवायला अंगठ्याचा जोर लागतो, दुसरं काही चालत नाही. पुढ्यात बसून शेजारणीची नक्कल केली होती आणि मी हसलो होतो. मुंगी चावली म्हणाली होती! कढत पाण्याचा इलाज तिच्या तोंडपाठ होता. चुलीवर माझ्या आंघोळीचा हंडा तापत होता, हाताच्या अंतरावर. त्यात हात बुडवला असता तर मला कळलं असतं, म्हणून बुडवला नाही. नाट्याची ना ती. पेराएवढ्या शिंगटीपुढे हात टेकायचे, तेही माझ्यासमोर!

मी तिला शिव्या घातल्या. मोठ्याने. खोटारडे म्हटलं, घमेंडखोर म्हटलं, माहेरावरून म्हटलं, ती असती तर तीन दिवस जेवण मिळालं नसतं असलं सगळं म्हटलं. मला का नाय सांगितलंस? मी काय परका होतो? हसलो असतो तर हसलो असतो, मेली तर नसतीस!

वर दगड खळखळले. भावाची बायको कळशी टाकून खाली उतरत होती.

"कोणाशी भांडताय, दादा?"

"तुझ्या जावेशी."

ती शेवटचा दगड उतरली. "काय म्हणते?"

"काही बोलत नाय. तेव्हाही बोलली नाय."

"माझ्याशी पण नाय बोलली," ती म्हणाली. मग तिने माझा हात बघितला आणि तिचा चेहरा उतरला. "उठा. उठा आधी. चपला राहू देत."

तिने मला आपल्या पडवीत बसवलं, पाणी तापवलं, सोसेल तेवढं कढत करून हात त्यात धरला. मी काढायला गेलो तर मनगट दाबून धरलं. थोड्या वेळाने कळ उतरायला लागली. खरंच उतरली. पातेलंभर कढत पाण्याने. मला त्याचाही राग आला. इतकं सोपं कशाला असावं?

"सकाळी दवाखान्यात जायचं," ती म्हणाली. "नुसत्या पाण्यावर भागणार नाय. हात घाण पाण्यात व्हता."

"बघू."

"बघू नाय. तिनेही बघू म्हटलं असेल मनात."

मी घरी आलो. खांद्यावर टॉवेल होता, तो हातावर घेतला. हात दिसेनासा झाला. म्हटलं, असा झाकून बसलो तर कोण विचारणार आहे? मुलगा मुंबईत. घरात मी आणि मांजर. दोन-तीन दिवस सांधे धरलेत म्हणायचं, मग थंडीचा ताप म्हणायचं. रस्ता माहितीचा होता. खरं सांगतो, तो रस्ता मला वाईट वाटला नाही.

पण मग मला ती भेटायला येणारी माणसं दिसली. माझा साडू दिसला, हनुवटीला हात लावलेला. कशाने गेला? शिंगटीने. हा पण? आणि कोंडीच्या वाळूखाली गारव्यात बसलेल्या त्या दिसल्या, मिशा हलवत. एका घरातली दोन माणसं. नाही. हिला नेलंत, पुष्कळ झालं. दुसरं माणूस मी तुम्हाला मिळू देणार नाही. तुमच्या नाकावर टिच्चून जगेन, आणि दर वर्षी पाणी उतरलं की कोंडीवर येऊन बसेन, तुम्हाला आवडो न आवडो.

सकाळी पहिल्या एसटीला निघालो. पाणंदीच्या तोंडाशी भाऊ कुदळ घेऊन उभा होता, माझ्याकडे बघेना. बायकोने पढवून उभा केला असणार.

"दादा, वरचा बांध..."

"फोडायचा तर फोड. देवाने विचारलं तर माझं नाव सांग. पण कोंड भरली म्हणून माझं वैर मिटलं असं समजू नको."

"बरं," तो म्हणाला. "मी येऊ काय बरोबर?"

"तू बांधाचं बघ."

दवाखान्यात मोठी रांग होती. मी कधी रांगेत पुढे घुसलो नाही, त्या दिवशी घुसलो. एक बाई बोलली, तिला हात दाखवला, तिने वाट दिली. आत डॉक्टरीण होती, माझ्या नातीच्या वयाची. काय झालं आजोबा, म्हणाली. मी म्हटलं, शिंगटी टोचलीय, काल दुपारी, पऱ्यात. माझी साखर बघा, रक्त बघा, काय बघायचं असेल ते सगळं बघा. दाखल करायचं असेल तर करा, मी कपडे आणलेत. ती काही लिहायला लागली. मी डाव्या हाताने सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत वर सरकवली आणि म्हटलं, लिहा मागाहून, आधी सुई मारा. दोन लागत असतील तर दोन मारा.